पेज, पटकी आणि चिमूटभर मीठ

पोट बिघडलं की कोकणात आणि गोव्यात अजूनही आधी पेज शिजायला लागते. उकडा तांदूळ, भरपूर पाणी आणि मीठ. धडधाकट माणसाला जोडीला खारातली कैरी मिळते, आजाऱ्याच्या वाट्याला वरची निवळ येते. या निवळीची लेखी नोंद साडेचारशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती एका परदेशी माणसाने केली आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीसारख्या, म्हणजे कॉलरासारख्या, आजाराचं वर्णन आहे आणि इथले वैद्य त्यावर काय करतात तेही आहे: तांदळाचं पाणी, त्यात मिरी आणि जिरं. या पाण्याला तो 'कांजी' म्हणतो. लगोलग पायांना डाग देण्याचीही नोंद आहे, म्हणजे सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं. जुलाब-उलट्यांच्या आजारासाठीचा आपला 'मोडशी' हा शब्द तेव्हाच पोर्तुगीजांच्या तोंडी बसला. पुढे फ्रेंचांनी त्याचं 'मोर द शियँ' केलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण! एका साध्या मराठी-कोंकणी शब्दाची इतकी भयंकर फोड दुसरी क्वचितच झाली असेल.

एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी आल्या, जरीमरीची देवळं उभी राहिली, पण उपचार मात्र भरकटला. जुलाब झालेल्या आतड्याला विश्रांती हवी, तेव्हा खाणंपिणं बंद, असं डॉक्टर मंडळी मानत. पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. म्हणजे ज्याला पाणी हवं त्यालाच ते नाकारलं जात होतं. शिरेतून सलाइन देण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटाने १८३२ मध्येच केला होता. पण निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शिकलेली माणसं खेड्यात कुठून आणायची?

१९५३ मध्ये कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडाने देऊन बरं केलं आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि आजारी आतडं पाणी शोषेल कसं, हेही कुणाला सांगता येत नव्हतं. ते उत्तर १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी दिलं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ उपयोगाचं नाही, जोडी लागते. पटकीतही हे दार उघडंच राहतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते रुग्णांवर दाखवून दिलं.

खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरमिठाच्या पुड्या कोलकात्यात भरून घेतल्या, पिंपात पाणी कालवलं आणि पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. एका लिटरमध्ये २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

१९८०च्या दशकात बांगलादेशातल्या 'ब्रॅक' संस्थेच्या बायका घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढाच धडा. शिकवलेलं आईच्या किती लक्षात राहिलं, यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. आरोग्यखात्याच्या कुठल्याही मोहिमेत इतकी साधी आणि कठोर अट मी वाचलेली नाही.

पेजेची पाळी पुन्हा आली ती याच काळात, ढाक्यात. तांदळाचा स्टार्च आतड्यात सावकाश फुटतो आणि ग्लुकोज थोडंथोडं सुटत राहतं. त्यामुळे एकदम जास्त साखर गेल्यावर पाणी उलट बाहेर ओढलं जातं, तसं इथे होत नाही. एका लिटरमध्ये ५० ते ८० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि मोजलेले क्षार, असं मिश्रण तयार झालं. पटकीच्या रुग्णांत त्याने जुलाब कमी होतात असं दिसलं. मुलांच्या इतर हगवणीत साध्या ओआरएसपेक्षा, म्हणजे पुडीतल्या साखरमिठाच्या पाण्यापेक्षा, विशेष फरक पडला नाही.

ओर्ताच्या वैद्यांकडे जोडीतला तांदूळ होता, मिठाचं माप नव्हतं. घरच्या पेजेतही ते हाताच्या अंदाजाने पडतं. म्हणून जुलाब जोरात असतील तर पुडीच हवी, पेज सोबतीला. पुडी पुढे गेली त्याचं कारण चवीत नाही. पेज शिजवायला सरपण लागतं, आणि सकाळची पेज उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते. पुडी फडताळात कितीतरी महिने पडून राहते.