अवटू विकारांची लक्षणे (नाशिक परिसर)

अवटू विकारांची लक्षणे : गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राखाली श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटू (थायरॉईड) ग्रंथीचा स्राव कमीजास्त झाल्यास किंवा ग्रंथीच वाढल्यास दिसणाऱ्या खुणा. ग्रंथी मंदावल्यास थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, केसगळती; अतिक्रियाशील झाल्यास धडधड, घाम, हातांना कंप, खाऊनही वजन घटणे ही लक्षणे परिचित आहेत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात गलगंडाचे (गळ्यावरील सुजेचे) वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार दिले आहेत. संहितेचा काळ निश्चित नाही. मूळ भाग इसवी सनापूर्वीचा आणि उपलब्ध पाठ त्यानंतरच्या संस्कारांचा असावा, असे साधारणपणे मानतात. गलगंड म्हणजे सरसकट अवटूची वाढ, असे पुष्कळदा धरले जाते. तथापि मेदोज गलगंड दुध्या भोपळ्यासारखा लोंबणारा, बुडाशी बारीक आणि देहाबरोबर वाढणारा-घटणारा सांगितला आहे. हे वर्णन चरबीच्या गाठीलाही लागू पडते. गळ्याच्या निरनिराळ्या सुजा त्या एका नावाखाली आल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अवटूची सूज ओळखण्याची साधी रीत म्हणजे मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळायला सांगणे. सूज अवटूची असल्यास ती घोटाबरोबर वर सरकते. ग्रंथीचा एखादा खंड त्याच व्यक्तीच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेराहून मोठा लागला, तर गलगंड समजतात.

मंदावलेल्या अवटूच्या लक्षणांना गुण देण्याची पद्धत बिलेविझ व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडली. तीत घोट्यामागच्या कंडरेच्या प्रतिक्षेपाला मोठे वजन आहे : हातोडीच्या ठोक्याने पाऊल हलते, पण परत येताना रेंगाळते. थंडी सहन न होणे हेही त्या यादीत आहे. मात्र निफाड भागात हिवाळ्यात पारा ५° से. खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. तेथे घरातल्या इतरांना पुरे होते तेवढ्या पांघरुणात एकालाच हुडहुडी भरते का, हे पाहावे. द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईचा थकवा केवळ कामाचा किंवा रक्त कमी असल्याचा म्हणून सोडून देणे तर धोक्याचेच. रक्ताची कमतरता व अवटू या दोन्हींच्या तपासण्या व्हायला हव्यात.

सिन्नर, येवला, नांदगाव या पूर्व भागांत बाजरी रोजच्या जेवणात असते. बाजरीतील काही द्रव्ये अवटूच्या कार्यात अडथळा आणतात, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु आयोडीन पुरेसे मिळत असताना भाकरीमुळे गलगंड होतो, असे म्हणता येत नाही. आयोडीन नसलेले खडे मीठ वापरणाऱ्या घरांत अधिक लक्ष हवे.

निदान रक्ताच्या टीएसएच (अवटूला चालना देणारे संप्रेरक) तपासणीवर ठरते. टीएसएच वाढलेला असणे म्हणजे बहुधा ग्रंथी मंदावलेली असणे. केसगळतीसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास अहवाल चुकीचा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. सूज झपाट्याने वाढणे, आवाज बसलेलाच राहणे, गिळताना वा श्वास घेताना अडथळा येणे यांत विलंब करू नये.

नवजात बाळात अवटू मंदावलेली असल्यास लांबलेली कावीळ, मोठी जीभ, घोगरे रडणे व बेंबीचा हर्निया ही लक्षणे आढळतात. बहुतेक बाळांत मात्र सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि उपचार लांबल्यास मेंदूची वाढ खुंटते. त्यामुळे टाचेतून रक्त घेऊन तपासणी पहिल्या काही दिवसांतच करतात.