चार्जची गाडी

स्वारगेटजवळच्या टपरीवर पाटी होती : ‘मोबाईल चार्जिंगचा चार्ज १० रु.’ शेजारी टांगलेल्या पेपरात एका कोपऱ्यात लाठीचार्ज, दुसऱ्यात नव्या साहेबांनी घेतलेला चार्ज. एकच शब्द फोनमध्ये भरतो, खिशातून काढतो आणि पाठीतही बसतो!

मूळ आहे सामानाच्या गाडीत. रोमनांनी आजच्या फ्रान्सकडच्या गॉल लोकांकडून ‘कारुस’ म्हणजे गाडी हा शब्द उचलला. त्यावरून ‘कारिकारे’, गाडीत माल लादणे. लादलेलं ते चार्ज. मग ते पैशाचं असो, जबाबदारीचं, आरोपाचं, तोफेत ठासायच्या दारूचं की विजेचं. स्पॅनिशमधून आलेला ‘कार्गो’ याच घरातला.

पण ‘क’चा ‘च’ कसा झाला? ‘क’ म्हणून बघा : जिभेचा मागचा भाग वर टेकतो. पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर जीभ आधीच पुढे सरकते आणि कालांतराने ‘च’ ऐकू येऊ लागतो. पॅरिसकडच्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘आ’चाही उच्चार पुढे सरकला होता, म्हणून तिथे ‘क’ गेला. फ्रान्समधल्याच नॉर्मंडीच्या उत्तर भागात मात्र टिकला. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडात आले, पॅरिसची फ्रेंच मागाहून. म्हणून इंग्रजीत जोड्या सापडतात : कॅरी-चार्ज, कॅच-चेस.

आपल्याकडे हे त्याआधीच घडलंय. पाक-पचन, वाक्य-वाचा. संस्कृत ‘कृ’चं (करणे) ‘चकार’ (त्याने केलं) घ्या. पहिल्या अक्षरात एके काळी ‘ए’ होता, दुसऱ्यात ‘ओ’. ‘ए’ने ‘क’चा ‘च’ केला, ‘ओ’ने केला नाही. पुढे दोन्ही स्वर ‘अ’कडे गेले (दुसरा दीर्घ होऊन), पण ‘च’ तसाच राहिला. चिखल वाळला, पावलाचा ठसा उरला!

व्हॉट्सअॅपवर मात्र ‘चार्ज’ थेट संस्कृत ‘चर’वरून आणतात. दोन शब्द सारखे ऐकू आले की नातं जुळलं, असं असतं तर आपली ‘नीर’ आणि इंग्रजी ‘निअर’ सख्ख्या बहिणी ठरल्या असत्या. नातं ठरवतात ते नियमित ध्वनिबदल. ‘चर’चा मूळ धातूच वेगळा आहे, इंग्रजी ‘व्हील’ त्याच्या गोतावळ्यातलं.

चार्जचा खरा भाऊबंद वायरीतच आहे : करंट. लॅटिन ‘कुरेरे’ म्हणजे धावणे, आणि गाडीचा ‘कारुस’ त्याच प्राचीन मुळाचा. भौतिकशास्त्रातही करंट म्हणजे सेकंदाला सरकणारा चार्ज. करंट मोजतात अँपिअरमध्ये, चार्ज कूलंबमध्ये : १ अँपिअर म्हणजे सेकंदाला १ कूलंब.