नोकरी सांभाळून अमेरिकन स्टडीज: ही डिग्री आली कुठून?

दिवसभर नोकरी करून संध्याकाळी अमेरिकन स्टडीज शिकायचं, म्हणजे इतिहास, साहित्य, राजकारण, सिनेमा, धर्म सगळं एकाच डिग्रीत. याच्यामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या बरीच वर्षं एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

पहिली मोठ्यांच्या शिक्षणाची. 1874 ला न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तलावाकाठी रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू झालं, आणि 1878 पासून तिथूनच घरबसल्या करायचा चार वर्षांचा वाचनाचा कोर्स निघाला. ज्यांना कॉलेजची पायरी चढायला मिळाली नव्हती असे कितीतरी लोक गावोगावी गट करून एकत्र वाचायला लागले, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर पान वाटतं. पुढे 1910 मध्ये हार्वर्डनेही एक्स्टेन्शनचे, म्हणजे कॉलेजबाहेरच्या लोकांसाठीचे, वर्ग सुरू केले.

दुसरी गोष्ट विषयाची. तेव्हा अमेरिकन विद्यापीठांतल्या इंग्लिश विभागात भर असायचा ब्रिटिश साहित्यावर, अमेरिकन लेखकांना तिथे दुय्यम जागा, आणि इतिहासवाले कादंबऱ्यांकडे फारसे वळायचे नाहीत. ही भिंत पाडायला हार्वर्डने 1937 ला अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाची पीएचडी सुरू केली आणि 1940 मध्ये ती पहिल्यांदा मिळाली हेन्री नॅश स्मिथला. तो कोवळा विद्यार्थी नव्हता, 1927 पासून डॅलसला शिकवत होता, म्हणजे या विषयाचा पहिला हार्वर्ड डॉक्टरच मुळात नोकरीतला माणूस! 1949 ला मिनेसोटातून 'अमेरिकन क्वार्टरली' हे नियतकालिक निघालं, 1951 ला अमेरिकन स्टडीज असोसिएशन आली.

दोन्ही धागे जवळ आले ते जीआय बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांना मदत देणाऱ्या अमेरिकन कायद्यामुळे. 22 जून 1944 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सही केली आणि दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्यांची फी सरकार भरायला लागलं, सुमारे 22 लाख जण कॉलेजात गेले, 1947 मध्ये कॉलेजप्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे याच माजी सैनिकांचे होते. त्याच वर्षी कोलंबियाने मोठ्या वयाच्यांसाठी स्कूल ऑफ जनरल स्टडीज काढलं. पण दक्षिणेत काळ्या सैनिकांना या कायद्याचा लाभ मिळू नये म्हणून बरेच अडथळे होते, ते सोडून हा इतिहास सांगणं मला खोटं वाटतं.

मग 1961 ला ओक्लाहोमा विद्यापीठाने प्रौढांसाठी लिबरल स्टडीजची पदवी आणली, घरी अभ्यास, अधूनमधून थोडे दिवस कॅम्पसवर, आणि विषय मानव्यविद्या, समाजशास्त्रं, निसर्गविज्ञान असे मोठमोठे गठ्ठे करून. आज नोकरीवाल्यांसाठी जे आंतरशाखीय कोर्स दिसतात त्यांचा साचा साधारण हाच. मला तर वाटतं, चाळीशीतल्या नर्सला किंवा बस ड्रायव्हरला प्रश्न पडतो तो आपलं गाव असं का झालं असा, तो इतिहासाचा की अर्थशास्त्राचा हे कोण ठरवणार, म्हणून हा विषय त्यांना बरोबर बसतो.

1968-69 ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या संपाने एथ्निक स्टडीजची, म्हणजे काळ्या आणि इतर अल्पसंख्य समाजांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाची, मागणी केली, आणि त्यानंतर 'अमेरिका म्हणजे नक्की कोणाची' हा प्रश्न अमेरिकन स्टडीजलाही टाळता आला नाही. स्थलांतरितांच्या, कामगारांच्या, बायकांच्या गोष्टी अभ्यासक्रमात आल्या.

आपल्याकडचा धागा म्हणजे हैदराबाद. 1964 ला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं, आणि भारतभरातले कॉलेजातले प्राध्यापक आपली नोकरी सांभाळून तिथे जायचे, अमेरिकन साहित्यावरची, इतिहासावरची पुस्तकं तिथल्या लायब्ररीत बसून वाचायचे.