बंड गार्डन, पुणे

पुण्याच्या ईशान्य भागात, मुळा-मुठेच्या उजव्या तीरावरील उद्यान, त्यालगतचा बंधारा व भोवतीचा परिसर. उद्यानाचे सध्याचे नाव महात्मा गांधी उद्यान.

बंधारा कोणी बांधला याविषयी मतभेद आढळतात. काही लेखनात तो मुंबईचे गव्हर्नर सर विल्यम व्हेसी-फिट्झेराल्ड (कारकीर्द १८६७–७२) यांच्या नावावर दिसतो. जुन्या गॅझेटिअरप्रमाणे मात्र तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून व सरकारी साहाय्याने, पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी, १८५० च्या सुमारास पूर्ण झाला. जमशेटजींचे निधन १८५९ मध्ये, म्हणजे फिट्झेराल्ड गव्हर्नर होण्याच्या बऱ्याच आधी झाले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गोंधळाचे मूळ शेजारच्या दगडी कमानींच्या फिट्झेराल्ड पुलात असावे. रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन सेलन यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हा पूल सर्वसाधारणपणे १८६७ चा मानतात. त्याच्या टोकांना सिंहांचे पुतळे आहेत.

नदीकाठाला प्रतिष्ठा मिळाली ती या बंधाऱ्यामुळे. वरच्या अंगाला पाणी तुंबून वल्हवण्याजोगा संथ पट्टा तयार झाला आणि १८६८ मध्ये तेथे बोट क्लब स्थापन झाला. पुढे बंगल्यांची वस्ती वाढली. आलिशान हॉटेलांत कोरेगाव रस्त्यावरचे, किर्लोस्कर समूहाने उभारलेले ब्लू डायमंड जुने. मंगलदास रस्त्यावरचे बहुमजली कॉनरॅड २०१६ चे. राजाबहादूर मिलच्या रस्त्यावरील, नदीपासून दूर असलेले शेरेटन ग्रँडही आपल्या नावात ‘बंड गार्डन’ लावते.

महापालिकेचा सुमारे ४४ किमी लांबीचा नदीकाठ सुधार प्रकल्प (पायाभरणी ६ मार्च २०२२) याच भागात प्रथम आकारास आला. वृक्षतोडीविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकरांनी ‘चिपको’ आंदोलन केले. नदीपात्र आक्रसण्याचा आक्षेप त्याहून गंभीर मानला पाहिजे. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारणतः २५ वर्षांतून, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून ठरते; काठावरील प्रत्येक बांधकामाला या रेषा लागू होतात. मुळा व मुठा या दोन्हींचे एकत्रित पाणी येथून जात असल्याने बंड गार्डनचा विसर्ग उजनी धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधण्यासाठी पावसाळाभर मोजला जातो.