सुरुंग, भूकंप की अणुचाचणी?

खाणींत सुरुंग उडाले की जवळचा भूकंपमापक हलतो. तो भूकंपाने हलतो, अणुचाचणीनेही हलतो. यांतला फरक खात्रीने सांगता येईना, म्हणून चाचणीबंदी बरीच वर्षे अर्धवट राहिली. गोव्यात जन्मलेले गणिती दा. ध. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते. तो आवाज हवाच, पण करारावर सही करणारा आकडे मागतो.

१९५८ साली जिनिव्हात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. जमिनीवर १६०-१७० ठाणी उभारली तर ५ किलोटन (५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढे) आणि त्याहून मोठे भूमिगत स्फोट ओळखू येतील, असा त्यांचा हिशेब होता. त्याचा मोठा आधार म्हणजे नेवाडातली १.७ किलोटनांची एकच चाचणी! पुढच्या चाचण्यांत भूकंपलाटा अपेक्षेपेक्षा क्षीण निघाल्या आणि हिशेब डळमळला. १९६३च्या चाचणीबंदी करारात हवा, पाणी आणि अंतराळ आले, जमिनीखालची चाचणी मात्र वगळली गेली.

स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, त्यामुळे पहिला धक्का सगळ्या केंद्रांवर वरच्या दिशेने उमटतो. भूकंपात खडक भेगेवर घसरतो, म्हणून काही केंद्रांवर तो खाली उमटतो. धक्का छोटा असेल तर ही दिशा गोंगाटात हरवते. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे स्फोटात पृष्ठभागावरच्या लाटा तुलनेने कमजोर असतात. खाणीतली भोके काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडवतात, त्याचा ठसा आलेखात दिसतो.

चोरवाटही आहे. १९६६ साली मिसिसिपीत, आधीच्या स्फोटाने मिठाच्या थरात झालेल्या पोकळीत ०.३८ किलोटनांचा स्फोट केला, तेव्हा लाटा सुमारे ७० पटींनी दबल्या. पण मोठ्या स्फोटाला पोकळीही तेवढीच मोठी लागते, आणि उपसलेला माल लपवायचा कुठे?

१९९६च्या सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळांचे जाळे ठरले. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि करार अजून अमलातही नाही, तरी जाळे बरेचसे चालू आहे.

स्फोट अणूचाच होता हे लाटा सिद्ध करत नाहीत. ते काम अणुस्फोटात तयार होणाऱ्या किरणोत्सारी झेनॉन वायूचे, कारण तो खडकाच्या फटींतून निसटतो. उत्तर कोरियाच्या २००६च्या चाचणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी तो कॅनडात सापडला. त्याचा झेनॉन-१३३ हा प्रकार सव्वापाच दिवसांत निम्मा होतो, म्हणजे तोवर मूळच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच उरलेला. शिवाय रुग्णालयांसाठी मॉलिब्डेनम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात. त्यामुळे त्याच्या अशा चार प्रकारांचे, म्हणजे समस्थानिकांचे, परस्परप्रमाण तपासावे लागते. त्यांतले झेनॉन-१३५ तर नऊ तासांतच निम्मे होते, दूरच्या केंद्राच्या हाती बहुधा लागतच नाही.