रोख नको, माणूस द्या : जपानच्या काळजी विम्यामागचा जुना वाद

१ एप्रिल २००० रोजी जपानमध्ये सक्तीचा काळजी विमा, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा, सुरू झाला. हप्ता चाळिशीपासून, लाभ मुख्यतः पासष्टीनंतर, निम्मा पैसा हप्त्यांतून आणि निम्मा करांतून. तपासणी होऊन किती मदत लागते याची श्रेणी ठरते (जास्त मदत, वरची श्रेणी) आणि त्या श्रेणीप्रमाणे घरी मदतनीस, दिवसाचे केंद्र किंवा शुश्रूषागृह मिळते. हे सारे बऱ्याच जणांना ठाऊक असते. या विम्यात काय नाही, याची चर्चा मात्र कमी होते. घरच्याच माणसाने केले, तर त्याचे पैसे मिळत नाहीत. ही चूक राहून गेलेली नाही. भांडून घेतलेला निर्णय आहे.

आपण म्हणतो, 'सासूबाईंचं सगळं तिनंच केलं.' काय केले, हे विचारावे लागत नाही. हे 'करणे' जपानमध्येही सुनेकडेच गृहीत होते. कायद्यात मात्र तसे नव्हते. युद्धानंतर बदललेल्या नागरी संहितेने सांभाळाची जबाबदारी रक्ताच्या थेट नातेवाइकांवर आणि भावंडांवर टाकली. सुनेवर ती येते ती खास परिस्थितीत कौटुंबिक न्यायालयाने लादली तरच. प्रथेला याचे सोयरसुतक नव्हते. काही गावपालिका तर 'आदर्श सून' म्हणून पुरस्कार देत. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे केले, म्हणून एक कागद.

सरकारची नजरही तीच. १९७८ च्या आरोग्य आणि कल्याण श्वेतपत्रिकेत तीन पिढ्या एकत्र राहण्याला कल्याणव्यवस्थेतली दडलेली मालमत्ता म्हटले गेले. हिशेबनिसांचा शब्द आहे हा, ताळेबंदात न दिसणाऱ्या किमतीसाठीचा. त्या मालमत्तेत माणसे होती आणि त्यातल्या बहुतेक बायका होत्या, हे श्वेतपत्रिकेला लिहावेसे वाटले नाही.

तोवर दुसरीकडे पैसा वाहून चालला होता. १९७३ मध्ये सत्तरीपुढच्यांना उपचार मोफत झाले आणि घरी करणारे कोणी नाही एवढ्याच कारणाने वृद्ध महिनोन्‌महिने इस्पितळात राहू लागले. याला 'सामाजिक दाखल' अशा अर्थाचे नावच पडले. दहा वर्षांत मोफतपणा गेला, खाटा तशाच भरलेल्या. लोकसंख्येतला पासष्टीपुढच्यांचा वाटा १९७० मध्ये ७ टक्के होता, तो १९९४ मध्ये १४ झाला. १९८९ मध्ये ३ टक्के उपभोग कर आला आणि त्याच वर्षाअखेर शुश्रूषागृहे व मदतनीस वाढवण्याची दहा वर्षांची योजना. पैसे पुरणार नव्हते. फेब्रुवारी १९९४ मध्ये पंतप्रधानांनी मध्यरात्री ७ टक्क्यांचा 'कल्याण कर' जाहीर केला आणि काही दिवसांत तो गुंडाळावा लागला. करातून वाट नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी विम्याचा आराखडा पुढे केला.

नमुना समोर होता. जर्मनीत १९९५ मध्ये काळजी विमा लागू झाला. तिथे घरी राहणाऱ्याला निवड होती, संस्थेचा माणूस घ्या किंवा रोख घ्या. सर्वात हलक्या श्रेणीत सेवा ७५० मार्कपर्यंत आणि रोख ४००. म्हणजे घरच्या माणसाचे मोल जवळपास निम्मे. तरीही घरी राहणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी रोखच निवडली. जर्मन योजनेच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आठवड्याला किमान १४ तास करणाऱ्या आणि त्यामुळे पूर्णवेळ नोकरी करू न शकणाऱ्या घरच्या माणसाच्या निवृत्तिवेतनाचे हप्ते हा विमा भरू लागला. रोखीपेक्षा मला हे कलम मोठे वाटते.

जपानच्या समित्यांत १९९५-९६ मध्ये याच मुद्द्यावर गाडी अडली. रोख द्या म्हणणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. हप्ता सगळ्यांकडून घेणार, मग डोंगरातल्या ज्या गावात मदतनीसच नाही, तिथल्या कुटुंबाला काय देणार? 'विमा आहे, काळजी नाही' ही त्या वेळची घोषणाच झाली होती. विरोध आला तो अनपेक्षित दिशेने. म्हातारपणाच्या प्रश्नावर १९८० च्या दशकापासून काम करणाऱ्या महिलांच्या संघटनाच रोखीच्या विरोधात उभ्या राहिल्या. ज्यांच्या हातात पैसे पडणार, त्यांच्याच वतीने नकार! त्यांचा हिशेब असा : पैसे सासऱ्याच्या नावावर येणार, सुनेच्या हातात येतीलच असे नाही. आणि आले, तरी 'आता तर पैसेही मिळतात' म्हणून ती नोकरी सोडून कायमची बांधली जाणार. शिवाय लोकांनी रोख घेतली, तर मदतनीस आणि केंद्रे उभी राहणारच नाहीत, कारण त्यांना गिऱ्हाईक उरणार नाही. खर्चाला घाबरलेल्या अधिकाऱ्यांनाही हे सोयीचे होते, कारण रोख म्हटली की पात्र असलेला प्रत्येक जण अर्ज करणार. दोन निराळ्या कारणांनी दोन्ही गट एका बाजूला आले आणि डिसेंबर १९९७ च्या कायद्यातून रोख वगळली गेली.

वाद मिटला नाही. योजना सुरू व्हायला काही महिने उरले असताना, १९९९ च्या शरदात, सत्ताधारी पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याने मुलांनी आईवडिलांचे करण्याची सुंदर प्रथा या विम्याने बुडेल असा सूर लावला. तडजोड म्हणून पासष्टीपुढच्यांचा हप्ता पहिले सहा महिने माफ झाला, पुढचे वर्षभर निम्मा. आणि मागच्या दाराने थोडी रोखही आली. गरीब घरात, वरच्या दोन श्रेणींतल्या वृद्धाचे वर्षभर विम्याची सेवा न घेता केले, तर कुटुंबाला वर्षाला १ लाख येनपर्यंत 'श्रमपरिहार' म्हणून देण्याची मुभा गावपालिकांना मिळाली. महिन्याला साडेआठ हजार येनसुद्धा नाहीत. नावात मात्र आदर भरपूर.

दक्षिण कोरियाने २००८ मध्ये अशीच योजना आणताना रोख बेटांसारख्या अपवादांपुरती ठेवली. तिथे घरच्याच माणसाने मदतनिसाचे प्रमाणपत्र काढून, तासांच्या मर्यादेत, आपल्याच आईचे करण्याचे मानधन घेण्याची वाट निघाली.

जपानमध्ये सुनांचे ओझे खरेच घटले. मुख्यतः काळजी घेणाऱ्या सगळ्यांत वृद्धासोबत राहणारे मुलांचे जोडीदार, म्हणजे बहुतांशी सुना, २००१ मध्ये पाचांत एकाहून जास्त होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेले. श्रेय एकट्या विम्याचे नाही. एकत्र राहणेच कमी झाले, आणि सुनेच्या जागी नवरा, बायको, मुलगा, मुलगी आले. हप्तेही चढले. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता पहिल्या टप्प्यात २,९११ येन होता, २०२४ पासूनच्या टप्प्यात ६,२२५. खर्च आवरताना घरच्या माणसाकडे पुन्हा बोट गेले. कुटुंबीय सोबत राहत असतील, तर स्वयंपाक-साफसफाईची मदत मिळणे अवघड झाले. २०१५ पासून सार्वजनिक शुश्रूषागृहांत सामान्यतः तिसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणीलाच जागा मिळते. त्याच वर्षी काळजीपायी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. ही दोन वाक्ये एकाच वर्षात कशी बसली, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि सुनेचे पैसे? ते विम्यातून आलेच नाहीत. आले ते वारसा कायद्यातून. सून सासू-सासऱ्यांची वारस नसते, त्यामुळे तिने वीस वर्षे केले तरी वाटणीत तिला काही नसे. १ जुलै २०१९ पासून वारस नसलेल्या, पण मोबदल्याशिवाय 'विशेष योगदान' देणाऱ्या नातेवाइकाला वारसांकडे पैसे मागता येतात. न्यायालयात जायचे, तर मृत्यू आणि वारस कळल्यापासून सहा महिन्यांत, फार तर मृत्यूपासून वर्षभरात. दावा दिरा-नणंदांवर, कधी स्वतःच्या नवऱ्यावरही. पुरावा म्हणून रोजच्या नोंदींची वही उपयोगी पडते : किती वाजता उठवले, काय भरवले, रात्री किती वेळा उठावे लागले.