हकालपट्टी आणि महाभियोग: विल्यम ब्लंटच्या बाबतीत नेमकं काय घडलं?

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासात विल्यम ब्लंट या टेनेसीच्या सिनेटरबद्दल दोन गोष्टी हमखास वाचायला मिळतात. सिनेटमधून हकालपट्टी झालेला तो पहिला सिनेटर, आणि प्रतिनिधिगृहाने ज्याच्यावर महाभियोग आणला असा तो पहिला माणूस. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या एकत्र करून 'महाभियोगात दोषी ठरला म्हणून त्याला काढलं' असं बिनदिक्कत लिहिलं जातं, आणि ते साफ चुकीचं आहे. काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन 'सिनेटने त्याला निर्दोष सोडलं' असं सांगतात. तेही चूकच. ही गल्लत सोडवायला हवी, कारण त्याच्या कारस्थानाची सर्वांत मोठी झळ ज्यांना बसायची होती, ते चेरोकी आणि क्रीक हे मूलनिवासी लोक या गल्लतीत पार दिसेनासे होतात.

आधी अमेरिकेची राज्यघटना काय म्हणते ते पाहू. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात, आणि सिनेट व प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहं. हकालपट्टी हा सभागृहाचा घरातला अधिकार आहे. प्रत्येक सभागृह दोन-तृतीयांश मतांनी आपल्याच सदस्याला बाहेर काढू शकतं. दुसऱ्या सभागृहाचा त्यात काही संबंध नाही, राष्ट्राध्यक्षांचा नाही, न्यायालयाचाही नाही. सदस्याने कोणता गुन्हा केला असला पाहिजे हे घटनेत लिहिलेलं नाही. सदस्यत्व जातं, तिथे विषय संपतो. उद्या लोकांनी त्याच माणसाला पुन्हा निवडून दिलं, तर कालची हकालपट्टी त्याच्या आड येत नाही.

महाभियोगाला दोन्ही सभागृहं लागतात. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं आणि सिनेट शपथ घेऊन न्यायासनावर बसतं. म्हणजे 'महाभियोग झाला' याचा अर्थ फक्त 'आरोप ठेवला गेला' एवढाच. दोषी ठरवायला सिनेटमध्ये हजर सदस्यांची दोन-तृतीयांश मतं लागतात. आणि हा खटला कोणावर चालतो? राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि 'मुलकी अधिकारी' यांच्यावर. देशद्रोह, लाचखोरी किंवा तशाच तोडीची गंभीर गैरकृत्यं हा त्याचा आधार. शिक्षेत पद तर जातंच, शिवाय पुढे कधीही सरकारी पद न मिळण्याची बंदीही घालता येते. सिनेटर हा 'मुलकी अधिकारी' आहे की नाही, हे मात्र घटनेने स्पष्ट केलेलं नाही. ब्लंटचं सगळं प्रकरण पुढे याच फटीत अडकलं.

ती घटना ज्यांनी फिलाडेल्फियात 1787 साली सही करून पक्की केली, त्यात नॉर्थ कॅरोलिनाचा प्रतिनिधी म्हणून खुद्द ब्लंटही होता. सही करतानाही तो सावध होता. आपण मसुद्याला पाठिंब्याचं वचन देत नाही, सर्व राज्यांनी तो एकमताने केला एवढ्याचीच साक्ष देतो, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे. हातचं राखून बोलण्याची ही सवय त्याला आयुष्यभर राहिली.

त्याचा जन्म 1749 सालचा, नॉर्थ कॅरोलिनातल्या खात्यापित्या घरातला. स्वातंत्र्ययुद्धात तो सैन्याच्या पगारवाटपाचं काम बघायचा. पण त्याचा खरा जीव होता जमिनीत. अपलाचियन डोंगरांपलीकडचा मुलूख तेव्हा कागदोपत्री नॉर्थ कॅरोलिनाचा आणि प्रत्यक्षात मूलनिवासींचा होता. ब्लंट बंधूंनी तिथल्या जमिनींवर हक्क सांगणारे कागद गोळा करायला सुरुवात केली, आणि ही मालकी दहा लाख एकरांच्या पलीकडे गेली. त्यातली बरीचशी जमीन त्यांनी पाहिलीही नव्हती. वसाहतवाले येतील, भाव चढतील, मग विकू, असा सगळा हिशोब होता.

1790 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी याच माणसाला ओहायो नदीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाचा गव्हर्नर नेमलं. त्याच नेमणुकीत दक्षिणेकडच्या मूलनिवासींशी व्यवहार पाहणारा अधीक्षक हे पदही होतं. चेरोकींच्या जमिनीचं अतिक्रमणापासून रक्षण करणं हे त्याचं सरकारी कर्तव्य, आणि त्यांच्याच भागात वसाहत वाढावी यात त्याचा खासगी फायदा. कुंपणानेच शेत खावं अशी ही सोय होती, आणि ती सरकारनेच करून दिली होती. 1791 च्या होल्स्टन करारात चेरोकींनी जमीन सोडली आणि बदल्यात त्यांना वर्षाला हजार डॉलर देऊ केले गेले. ती रक्कम इतकी तुटपुंजी होती की पुढच्याच वर्षी चेरोकींचं शिष्टमंडळ तेव्हाच्या राजधानीला, फिलाडेल्फियाला, गेलं आणि ती वाढवून घ्यावी लागली. ब्लंटने नॉक्सव्हिल ही राजधानी वसवली, 1796 मध्ये टेनेसीला राज्याचा दर्जा मिळाला, आणि तो तिथला सिनेटर झाला.

नेमके त्याच सुमाराला जमिनींचे भाव कोसळले. ब्लंट कर्जात गळ्यापर्यंत बुडाला. त्यातच बातमी पसरली की स्पेन लुइझियाना फ्रान्सला देऊन टाकणार. फ्रेंचांनी मिसिसिपी नदीच्या तोंडाशी असलेलं न्यू ऑर्लिन्स बंदर बंद केलं, तर नदीवरून माल जाणार नाही आणि पश्चिमेकडच्या जमिनीला कोणी विचारणार नाही. म्हणून बेत ठरला तो असा: सरहद्दीवरचे बंदूकधारी, सोबत चेरोकी आणि क्रीक योद्धे, आणि पाठीशी ब्रिटिश आरमार. स्पेनच्या ताब्यातलं न्यू ऑर्लिन्स, पेन्साकोला आणि न्यू माद्रिद घ्यायचं आणि तो मुलूख ब्रिटनच्या हवाली करायचा. बदल्यात नदी आणि बंदर खुलं राहणार. अमेरिकेचा सिनेटर परक्या राजवटीसाठी, अमेरिकेचं ज्याच्याशी युद्ध नाही अशा देशावर हल्ला आखत होता. जॉन चिझम नावाचा त्याचा साथीदार त्यासाठी लंडनला गेलाही. तिथे सरकारने नकार दिला.

बिंग फुटलं ते एका पत्राने. 21 एप्रिल 1797 रोजी ब्लंटने जेम्स केरी याला लिहिलं. केरी हा चेरोकींसाठी नेमलेला सरकारी दुभाष्या. बेत या शरद ऋतूत अमलात येईल असं वाटतं, आणि ब्रिटिशांच्या बाजूने बहुधा मीच त्याच्या अग्रभागी असेन, असं पत्रात होतं. मूलनिवासींमध्ये वजन असलेला सरकारी प्रतिनिधी बेंजामिन हॉकिन्स याच्यावरचा त्यांचा विश्वास उडवायचा, हेही होतं. पण मला सर्वांत जास्त लागतो तो त्यातला हद्दीचा मजकूर. करारानुसार आखल्या जाणाऱ्या सीमारेषेवरून चेरोकी कुरकुर करत होते. ब्लंटने दुभाष्याला शिकवलं, की दोष माझ्यावर येऊ देऊ नकोस, माजी राष्ट्राध्यक्षांवर ढकल. ते आता पदावर नाहीत, तेव्हा चेरोकींनी त्यांना कितीही दोष दिला तरी काही बिघडत नाही. शेवटी सूचना: हे पत्र तीनदा वाच, मग जाळून टाक.

केरीने ते जाळलं नाही. टेलिको इथल्या सरकारी व्यापारकेंद्राच्या अधिकाऱ्याला त्याने ते दाखवलं, तिथून ते नॉक्सव्हिलमधल्या युद्धखात्याच्या प्रतिनिधीकडे आणि पुढे फिलाडेल्फियाला राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्यापर्यंत पोचलं.

आता तारखा नीट पाहिल्या की अर्धी गल्लत सुटते. 3 जुलै 1797 रोजी अॅडम्स यांनी पत्र दोन्ही सभागृहांकडे पाठवलं. सिनेटमध्ये ते वाचलं गेलं तेव्हा ब्लंट जागेवर नव्हता. तो परत आल्यावर अध्यक्षस्थानी असलेले उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि हे तुम्हीच लिहिलंत का, असं विचारलं. केरीला पत्र लिहिलं होतं खरं, पण ही त्याचीच नक्कल आहे का हे कागद पाहून सांगतो, असं म्हणून ब्लंटने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मधल्या काळात त्याने जहाजाने निसटायचा प्रयत्न केला आणि त्याचं सामान जप्त झालं. 7 जुलैला प्रतिनिधिगृहाने महाभियोग आणायचं ठरवलं. 8 जुलैला सिनेटने 25 विरुद्ध 1 मतांनी त्याची हकालपट्टी केली. विरोधातलं एकमेव मत व्हर्जिनियाच्या हेन्री टॅझवेल यांचं.

म्हणजे ब्लंटचं पद गेलं ते फक्त हकालपट्टीने, पाच दिवसांत. महाभियोगाचे आरोप तेव्हा लिहूनही झाले नव्हते. गोंधळात भर घातली ती सिनेटच्या ठरावाच्या भाषेने. ब्लंटने 'गंभीर गैरकृत्य' केलं, सिनेटर म्हणून आपल्यावरच्या विश्वासाला आणि कर्तव्याला हरताळ फासला, असं ठरावात होतं. 'गंभीर गैरकृत्य' हे शब्द घटनेत महाभियोगाच्या कलमातले आहेत. अधिकार एका कलमाचा वापरला आणि भाषा दुसऱ्याची उचलली. वाचणाऱ्याला हा महाभियोगाचाच निकाल वाटला तर नवल नाही.

महाभियोगाची गाडी त्यानंतर रखडत चालली. जानेवारी 1798 मध्ये पाच आरोप मंजूर झाले. सिनेटचा अंमलबजावणी अधिकारी जेम्स मॅथर्स ब्लंटला आणायला नॉक्सव्हिलला गेला. ब्लंटने त्याचा पाहुणचार केला, पण यायला नकार दिला. मॅथर्सने गावातून मदत मागितली, तर एकही माणूस पुढे आला नाही. लोकांनी त्याला वेशीपर्यंत सोबत करून रिकाम्या हाताने परत पाठवलं. टेनेसीला ब्लंट आपला वाटत होता, कारण स्पेन आणि मूलनिवासी हे दोघेही तिथल्या वसाहतवाल्यांना अडसर वाटत होते. त्यांनी त्याला राज्याच्या सिनेटवर निवडून दिलं, आणि डिसेंबर 1798 मध्ये तो तिथला सभापतीही झाला. त्याच महिन्यात फिलाडेल्फियात त्याच्या गैरहजेरीत त्याच्यावरचा खटला उभा राहत होता. हकालपट्टीने माणसाची पुढची वाट बंद होत नाही याचा यापेक्षा ठळक पुरावा कुठला द्यायचा?

जॅरेड इंगरसॉल आणि अलेक्झांडर डॅलस या त्याच्या वकिलांनी ब्लंटने काय केलं याला हातच लावला नाही. सिनेटर हा मुलकी अधिकारी नाही आणि ब्लंट आता सिनेटरही नाही, तेव्हा हा खटला इथे चालूच शकत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. जानेवारी 1799 मध्ये सिनेटने 14 विरुद्ध 11 मतांनी तो मान्य केला आणि खटला काढून टाकला. यातलं कोणतं कारण पटलं, हे मात्र ठरावात सांगितलेलं नाही. दोन्ही मुद्दे ज्या अर्जात होते, तो अर्ज पुरेसा आहे एवढंच म्हटलं. म्हणून 'निर्दोष सुटला' असं म्हणता येत नाही. दोष आहे की नाही हा प्रश्न मतदानाला आलाच नाही.

त्यानंतर काँग्रेसच्या एकाही सदस्यावर महाभियोग आणला गेलेला नाही. सदस्यांसाठी हकालपट्टी हीच वाट रुळली, आणि तिचीही दोन-तृतीयांशाची चढण सोपी नाही. ओहायोचे सिनेटर जॉन स्मिथ हेही सरहद्दीवरचेच राजकारणी. माजी उपराष्ट्राध्यक्ष अॅरन बर यांच्या पश्चिमेकडच्या कारस्थानात त्यांचं नाव आलं, 1808 मध्ये त्यांना काढण्याच्या बाजूने 19 आणि विरोधात 10 मतं पडली, आणि एका मताने ते वाचले. पुढे त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. पदावरून गेलेल्या माणसावर महाभियोग चालतो का, हा ब्लंटच्या खटल्याने अर्धवट सोडलेला प्रश्न 1876 मध्ये युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांच्या वेळी आणि 2021 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्यात पुन्हा उभा राहिला. दोन्ही वेळा सिनेटच्या बहुमताने 'चालतो' असं म्हटलं, आणि दोन्ही वेळा दोषी ठरवण्याइतकी मतं मिळाली नाहीत. पुढच्या बंदीचंही तसंच: महाभियोगात दोषी ठरलं की ती आपोआप लागत नाही. न्यायाधीश अॅल्सी हेस्टिंग्ज यांना 1989 मध्ये सिनेटने दोषी ठरवून पदावरून काढलं, पण बंदी घातली नाही. 1992 मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि 2021 मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथे राहिले.

माझ्या मते ब्लंटच्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा फरक मतांच्या संख्येत सापडत नाही, तो आरोपांच्या मजकुरात आहे. हकालपट्टीच्या ठरावाने सिनेटची अब्रू सांभाळली. चेरोकींशी झालेली दगाबाजी त्यात वेगळी मोजलीच नव्हती. महाभियोगाच्या पाच आरोपांत ती होती. पहिला आरोप स्पेनवरच्या मोहिमेचा. दुसरा क्रीक आणि चेरोकींना त्या लढाईत ओढण्याचा, तिसरा हॉकिन्सवरचा त्यांचा विश्वास तोडण्याचा, चौथा सरकारी दुभाष्याला फितवण्याचा, आणि पाचवा सीमारेषेबाबत चेरोकींच्या मनात सरकारविषयी विष कालवण्याचा. अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या महाभियोगातले बहुतेक आरोप मूलनिवासींच्या विश्वासाशी खेळल्याचे होते, हे फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं. जी प्रक्रिया झटपट निकाल देऊ शकली तिने हा प्रश्न विचारला नाही, आणि जिने विचारला तिने उत्तर द्यायचं नाकारलं.

ब्लंट 21 मार्च 1800 रोजी नॉक्सव्हिलमध्ये वारला. टेनेसीत त्याच्या नावाची काउंटी आजही आहे. पाचवा आरोप सिनेटपुढे पडून होता तेव्हाच, ऑक्टोबर 1798 मध्ये, टेलिकोला चेरोकींशी नवा करार झाला. हद्द ओलांडून त्यांच्या जमिनीत बसलेल्या वसाहतवाल्यांना हटवण्याऐवजी ती जमीनच या करारात चेरोकींकडून काढून घेतली गेली.